‘दोन ओळींत विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

मोठी ऑडिओ फाइल ट्रान्स्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धवटच उघडते तेव्हा काय करावं, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘फाइल एमपी३ करून घ्या, दोन ओळींत विषय संपला. एवढं पाल्हाळ कशाला? लेखिकेने प्रत्यक्ष काम केलेलं दिसत नाही. आकडाही चुकलाय. आणि तुकडे जोडून केलेल्या एमपी३चं काय?’

आकडा चुकला, मान्य. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल (आवाज न दाबता, आहे तसा साठवणारी) तासाला साधारण ६३५ एमबी होते. मी ३१७ लिहून बसले, तो मोनोचा आकडा. दुरुस्त केलाय, आभार.

पण ‘काम केलेलं दिसत नाही’ हे कशावरून? अकरा वर्षं मी मुलाखती ऐकून टाइप करतेय. पायाखाली पेडल, कानाला हेडफोन, एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास. मान आखडते, रात्री झोपताना कानात दुसऱ्याचंच बोलणं चालू असतं. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मुद्दा खोडायचा तर जरूर खोडा, माणसाला का खोडता? घरी पाहुणा म्हणून आला असतात तर असं बोलला असतात का?

आता पाल्हाळ का लावलं ते ऐका. २०१७ची गोष्ट. लालबागच्या चाळीत एका निवृत्त साचेवाल्यांची, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्यांची, मुलाखत. १९८२च्या गिरणी संपावर बोलत होते. दोन तासांनी रेकॉर्डरची बॅटरी संपली आणि तो तसाच बंद पडला. कार्डावर फाइल १३० कोटी बाइटची, म्हणजे १.३ जीबी. सॉफ्टवेअरमध्ये लांबी मात्र ४२ मिनिटं. आमच्यातल्या एकाने तुम्ही सांगताय तेच केलं, एमपी३ केली. तीही ४२ मिनिटांचीच निघाली. ‘तेवढंच रेकॉर्ड झालं असणार’ असं म्हणत तो कार्ड पुसायला निघाला. मी आधी भागाकार करून पाहिला म्हणून वाचलं. सेकंदाला १,७६,४०० बाइट धरले तर दोन तासांच्या वर आवाज आत असायला हवा होता. आणि तो होता.

वेव्ह फाइलच्या सुरुवातीला हेडर असतं, बहुधा ४४ बाइटचं. पुढे आवाजाचा डेटा किती, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि शेवटचा खरा आकडा रेकॉर्डिंग नीट बंद केलं तरच तिथे पडतो. आमचा रेकॉर्डर तो अधूनमधून लिहायचा, शेवटचा लिहिला होता ४२व्या मिनिटाला. सॉफ्टवेअरने त्यावर विश्वास ठेवला, कन्व्हर्टरनेही ठेवला. अशा वेळी तुमची एमपी३ काही दुरुस्त करत नाही, नुकसान पक्कं करते. मी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल ‘रॉ डेटा’ म्हणून, म्हणजे हेडर न मानता, घेतली आणि हेडरमधून मिळणारी माहिती, साइन्ड १६ बिट, लिटल एंडियन, स्टिरिओ, ४४१००, हाताने भरली. सुरुवातीला टिक्‌ झालं आणि मागून त्यांचा आवाज आला, चाळीतल्या नळाच्या धारेसकट. पुढच्या ऐंशी मिनिटांत त्यांनी बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकल्याचं सांगितलं होतं. ते पुढच्या वर्षी गेले. अहो, एमपी३ करणं मलाही येतं! पण आधी आकार आणि लांबी ताडून बघा, हे सांगायला मला दोन ओळी पुरत नाहीत.

वेव्ह फाइल ४ जीबीच्या पुढे गेली की काय होतं, ते मी लेखात लिहिलंच आहे. हेडरमध्ये डेटाच्या आकड्याला जागाच ३२ बिटची, त्यात ४ जीबीपुढचा आकडा मावत नाही, आणि काही सॉफ्टवेअर तर २ जीबीलाच अडखळतात. ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

जोडलेल्या एमपी३चं म्हणाल तर पहिल्या तुकड्याचं हेडर तसंच राहतं आणि काही प्लेअर तेवढीच लांबी दाखवतात, हे मला ठाऊक आहे. तो वेगळा विषय, इथे नको.

तीन तासांचं कीर्तन एमपी३ करून ‘व्यवस्थित’ झालं असंही तुम्ही लिहिलंय. मूळ वेव्ह फाइल अजून ठेवली असेल तर ती किती एमबीची आहे आणि एमपी३ किती मिनिटांची निघाली, एवढे दोन आकडे इथे टाका.