‘डिजिटल पेट स्कॅन’च्या मेसेजमध्ये काय चुकलंय

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: डिजिटल पेट स्कॅनमध्ये (कॅन्सरच्या गाठी शोधायच्या तपासणीच्या नव्या मशीनमध्ये) रेडिएशन नसतं, चित्र कॉम्प्युटरच बनवतो, उपाशी राहायची गरज नाही आणि जुन्या मशीनचे रिपोर्ट चुकीचे असल्याने तपासणी पुन्हा करावी. कॅन्सरच्या पेशंटच्या घरी असा मेसेज गेला की पैसा आणि जीव दोन्ही टांगणीला लागतात, म्हणून हे सविस्तर.

‘रेडिएशन नसतं’ हे साफ खोटं. पेटमध्ये मोजायचे किरण मशीनमधून नव्हे, पेशंटच्या शरीरातून येतात. शिरेतून दिलेल्या ग्लुकोजसारख्या औषधात किरणोत्सारी फ्लोरिन-18 असतं आणि त्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धन प्रभाराचा कण, निघतो. तो जवळच्या इलेक्ट्रॉनला भिडला की दोन्ही नष्ट होतात आणि 511 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण जवळपास विरुद्ध दिशांना सुटतात. हे किरणच नसतील तर मशीन मोजणार काय? शिवाय सोबत सीटी असेल तर त्याचे एक्स-रे वेगळेच. चांगल्या मशीनवर औषधाचा डोस कमी करता येतो, इतपत खरं. बाई गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल, तर सुई टोचण्याआधी तिने ते सांगायलाच हवं.

चित्र कॉम्प्युटर बनवतो, पण जुन्या मशीनमध्येही तोच बनवायचा. फरक आहे तो प्रकाश टिपण्यात. गॅमा किरण ल्युटेशियमच्या स्फटिकावर आदळला की एक क्षीण चमक उठते आणि साधारण 40 नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) बरीचशी ओसरते. ती चमक पूर्वी फोटोमल्टिप्लायर नळ्या टिपत, आता सिलिकॉनचे बारीक सेन्सर टिपतात. त्यातून आलेल्या विद्युत स्पंदाचे आकडे होतात आणि प्रत्येक स्पंदाला दोन प्रश्न विचारले जातात. ऊर्जा किती? 511 पेक्षा बरीच कमी भरली तर तो किरण वाटेत शरीरातच वळलेला असणार, त्याला वगळायचं. आणि वेळ कोणती? समोरासमोरच्या दोन स्फटिकांत काही नॅनोसेकंदांच्या आत स्पंद आले तरच ती जोडी धरायची. प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटिमीटर जातो. त्यामुळे जोडीतल्या दोन स्पंदांच्या वेळेतला फरक 400 पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) अचूक कळला तर, त्या वेळात प्रकाश जाईल त्याच्या निम्मं अंतर धरून, किरणांचा उगम 6 सेंटिमीटरच्या पट्ट्यात सापडतो, 200 पर्यंत कळला तर 3 च्या. नव्या मशीनचं चित्र स्वच्छ दिसतं त्यात याचा मोठा वाटा आहे. यात कॉम्प्युटरने मनाने काही रंगवलेलं नसतं.

उपाशी राहणं मशीनसाठी नसतंच. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, औषध स्नायूंत शिरतं आणि गाठ फिकी दिसते. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं वेळापत्रक आधीच विचारून घ्या.

सगळ्यात घातक आहे तो जुन्या रिपोर्टांचा मुद्दा. त्या रिपोर्टांवर डॉक्टरांनी घेतलेले निर्णय एका रात्रीत चुकीचे ठरत नाहीत. उलट उपचार चालू असताना मशीन बदललं तर घोटाळा होऊ शकतो. रिपोर्टमध्ये एसयूव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे गाठीने किती औषध ओढलं त्याचं माप. लहान गाठीचा हा आकडा नव्या मशीनवर जास्त येऊ शकतो. गाठ आहे तशीच असते, पण घरच्यांना वाटतं आजार वाढला. म्हणून चोपड्याचा असो की शहाद्याचा, पेशंटचा पहिला स्कॅन जिथे झाला तिथेच पुढचाही करणं बरं. ते जमत नसेल तर नुसता कागदी रिपोर्ट नको, आधीच्या स्कॅनची सीडीही सोबत न्या आणि मशीन वेगळं असल्याचं रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा.