तीस टक्के कपात

महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या घरात देशाच्या अर्थव्यवस्थेची चिंता सुरू होते. त्याआधी देश आपलं आपण बघून घेतो. या महिन्यात मुलीच्या क्लासची फी, एसीची दुरुस्ती आणि दोन लग्नांचे आहेर एकदमच अंगावर आले, तेव्हा पोह्यांवर जीरावण मसाला भुरभुरत मी जाहीर केलं, "आधी या खासदारांचे पगार कापा. तूट आपोआप भरून निघते की नाही बघा!"

हे वाक्य इंदुरात कुठल्याही ठेल्यावर टाकावं, चार जण तरी "एकदम बरोबर, भिया" म्हणतातच. घरी मात्र सीए करणारा भाचा आहे.

"मामा, ते करून झालंय. एप्रिल 2020 मध्ये, कोरोनात, वर्षभरासाठी 30 टक्के कापले होते. महिन्याच्या लाखाचे सत्तर हजार."

"मग?"

"मग 2025 च्या मार्चमध्ये 1 लाख 24 हजार केले. तेही एप्रिल 2023 पासून लागू."

आमच्या कंपनीत मागच्या तारखेपासून फक्त दंड लागू होतो. असो.

पोरानं मोबाईल काढला. लोकसभेचे 543, राज्यसभेचे 245. सगळ्यांचा वर्षाचा पगार 117 कोटींच्या आसपास. 2025-26 च्या अर्थसंकल्पात तूट धरली होती 15.69 लाख कोटी, म्हणजे तासाला जवळजवळ 179 कोटी. "सगळ्यांना फुकट राबवलं तरी चाळीस मिनिटांची तूट भरेल, मामा. 30 टक्के कापले तर बारा मिनिटांची." बारा मिनिटांत छप्पन दुकानवर पोहे-जलेबीचा नंबरही लागत नाही, निदान रविवारी.

त्यातून 2020 मध्ये मोठी रक्कम वाचवायचं ठरलं ते खासदार निधी, म्हणजे मतदारसंघातल्या कामांचा पैसा, दोन वर्षं बंद ठेवून: 7,900 कोटी. म्हणजे टाळ्या पगारकपातीला आणि गावचा हातपंप मात्र गुपचूप गेला. हे मी मोठ्यानं म्हणालो, कारण मुद्दा माझ्या बाजूला वळतोय असं वाटलं.

हिनं भाजीची पिशवी खाली ठेवली. "म्हणजे मोठ्यांचा पगार कापून तूट भरत नाही, पण लोकांना बरं वाटतं?"

"अगदी तसंच, मामी."

"मग अहो, तुमच्या हातखर्चात 30 टक्के कपात. मला बरं वाटेल."

बहुमतानं ठराव संमत. विरोधात एकटा मी. आई तटस्थ राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर तटस्थता नव्हती.

तेव्हापासून रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलो की भुट्ट्याचा कीस आणि गराडू (तळलेला कंद) यांतलं एकच निवडावं लागतं. गराडू तर थंडीपुरतेच मिळतात, म्हणजे कीस गेला. एसी अजून दुरुस्त झालेला नाही.

शेवटी भाच्यानंच वाट दाखवली. खासदारांना पगाराशिवाय मतदारसंघ भत्ताही मिळतो, महिन्याला 87 हजार. मी लगेच अर्ज केला: काका राजेंद्रनगरात, मामेबहीण सुदामानगरात, आत्या लोकमान्यनगरात, एवढा मतदारसंघ सांभाळायचा तर पेट्रोल लागतं, वाटेत चहा-पोहे लागतात.

हिनं अर्ज शांतपणे वाचला. मग आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "आत्या, हे तुमच्याकडे शेवटचे कधी आले होते हो?"