फॉर्म बीवर सही आहे, पाइपात पाणी नाही

ठाण्यात आमची चौदा मजल्यांची, दोन विंगांची सोसायटी आहे. मार्चमध्ये सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं. जुन्या कमिटीने सोपवलेल्या फायलींत जानेवारीचा फॉर्म बी, म्हणजे अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीचं प्रमाणपत्र, होता. सही, शिक्का, तपासणी करणाऱ्या एजन्सीचा लायसन्स नंबर, सगळं जागच्या जागी. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत आणि चालू आहे, असं त्यावर स्वच्छ लिहिलेलं.

एका रविवारी प्लंबर गच्चीच्या टाकीसाठी आला होता. उतरताना त्याला म्हटलं, नवव्या मजल्यावरचा होजबॉक्स, म्हणजे आग विझवायचा लवचिक पाइप (होज) ठेवायची पेटी, जरा उघडून बघू. आत एक केरसुणी, कुणाच्या तरी मुलाची बॅट आणि घडीवर चिरलेला होज. होजच्या तोंडाला लावायचं पितळी नोझल नव्हतं. चोरीला जातात म्हणून सगळी काढून ऑफिसात ठेवली आहेत, असं वॉचमनने सांगितलं. ऑफिसात अठ्ठावीसपैकी सहा सापडली. प्लंबरने व्हॉल्व्हचं लाल चाक जोर लावून फिरवलं. आतून फुस्स आवाज आला, गंजाची भुकटी लादीवर पडली आणि संपलं. येईल पाणी म्हणून आम्ही दोघं थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

मग पंपरूममध्ये गेलो. पॅनेलवर ऑटो, ऑफ आणि मॅन्युअल असा स्विच असतो. तो ऑफवर होता. कारण ऐकून माझ्या पोटात गोळा आला. या यंत्रणेत जॉकी पंप म्हणून एक छोटा पंप असतो. पाइपातला दाब जरा उतरला की तो आपोआप सुरू होतो आणि दाब पुन्हा भरून काढतो. आमच्याकडे एका जोडातून पाणी गळत होतं, त्यामुळे दाब सारखा उतरायचा आणि पंप रात्री-बेरात्री सुरू व्हायचा. पहिल्या मजल्यावरच्यांची झोपमोड होऊ लागली, तक्रार आली आणि वॉचमनला सांगण्यात आलं, बंद ठेव. गळका जोड तसाच राहिला. याला दोन वर्षं झाली. म्हणजे त्यानंतरचे चार फॉर्म बी स्विच ऑफवर असताना भरले गेले. डिझेल पंपाची बॅटरी तर कधी उतरली, कुणालाच ठाऊक नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' आहे, तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर टाकतो. बिल्डर केव्हाच निघून गेलेला असतो. सोसायटी झाली की जबाबदार आपण. दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि तिचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाकडे द्यायचं. कायदा चांगला आहे, आणि हे मी मनापासून म्हणते आहे.

घात होतो तो कोटेशनमध्ये. मी जुनी कोटेशनं काढून वाचली. दोन प्रकारची होती. एकात वर्षभराची देखभाल, पंप चालवून बघणं, होजची चाचणी, गळती काढणं वगैरे. दुसऱ्यात एकच ओळ, फॉर्म बी देणे, आणि रक्कम. आमच्या मीटिंगमध्ये दरवेळी दुसरं पास झालं, आणि त्या मीटिंगांत मीही हात वर केलेला आहे. एजन्सीने खोटं लिहून दिलं हा गुन्हाच, त्यात शंका नाही. पण तपासणाऱ्याला निवडणारे आपण, पैसे देणारे आपण, आणि सगळ्यात स्वस्त कोण हेच विचारणारेही आपण. अशी तपासणी खरी कशी होईल? माझं स्पष्ट मत आहे की फॉर्म बीसोबत सर्वात वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडा असतानाचा दाब लिहिलेला असावा, आणि तो आकडा तारखेसकट लिफ्टशेजारी लावलेला असावा. त्या दिवशी घरी असलेल्या दोन रहिवाशांच्या सह्याही हव्यात. यासाठी कायदा बदलायची वाट बघायला नको. सोसायटीने ठराव केला तरी पुरतो.

मजल्यामजल्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत पाणी नेणाऱ्या त्या पाइपाचं महत्त्व मलाही आधी कळत नव्हतं. वाटायचं, आग लागली की बंब येईल, शिडी लावेल. शिडी कितीही उंच असली तरी गाडीला गेटमधून आत यायला आणि पाय रोवायला जागा लागते, आणि आमच्या गेटच्या आत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. म्हणून जवान जिन्यानेच वर जातात. जळणाऱ्या मजल्याच्या खालच्या मजल्यावर थांबून तिथल्या आपल्या व्हॉल्व्हला होज जोडतात आणि वर शिरतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात, आमच्या गेटवरही पोस्टर लागतं. आणि त्याच गेटच्या आत, जवान ज्या पाइपाच्या भरवशावर वर गेला असता, तो दोन वर्षं कोरडा होता. हे मनातून जात नाही.

दुसरी गोष्ट धुराची. ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे मुंबईत गोरेगावात झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) इमारतीत आग लागली. खाली पार्किंगमध्ये कापडाचे गठ्ठे आणि गाड्या जळल्या, धूर जिन्यातून वर चढला, किमान सात माणसं गेली. मुंबईतल्याच कमला मिलमधल्या पबच्या आगीत डिसेंबर २०१७ ला चौदा जण गेले, त्यातले कितीतरी जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. ज्वाळा पोचायच्या आधी धूर पोचतो, आणि उघडा जिना त्याच्यासाठी धुराडं असतो. म्हणून जिन्याची ती जड दारं आपोआप बंद होणारी असतात. आमच्याकडे सहा मजल्यांवर ती सुतळीने कठड्याला बांधून ठेवली होती, वारा यावा म्हणून. सुतळ्या मी स्वतः कापल्या, आणि लोक रागावले तेही ऐकून घेतलं.

अकराव्या मजल्यावरच्या काकूंचं मात्र सांगायलाच हवं. वय शहात्तर, वॉकर घेऊन चालतात. मेमध्ये आम्ही ड्रिल केलं, लिफ्ट बंद ठेवून. त्या म्हणाल्या, "मला वगळू नकोस गं, खरी आग मला वगळणार आहे का?" जिन्यात दोन ठिकाणी चपलांचे रॅक होते, एका ठिकाणी सायकल. वॉकर तिथून जाईना. त्यांच्या मुलाने वॉकर डोक्यावर घेतला आणि त्या कठडा धरून, एकेक पायरी बसत उतरल्या. खरं तर त्यांना खालपर्यंत यायची गरजच नाही. अशा माणसांसाठीच रेफ्यूज एरिया असतो, तिथे थांबायचं आणि जवानांनी येऊन न्यायचं. आमचा रेफ्यूज एरिया कुलूपबंद होता आणि आत गणपतीच्या मंडपाचे बांबू होते. चावी खजिनदारांकडे, आणि खजिनदार गावाला.

त्या दिवसानंतर रॅक हलवण्यावरून वाद झाला नाही. पैशांवरून मात्र झाला. जोड, होज, नोझल, बॅटरी, पॅनेल असं सगळं मिळून दर फ्लॅटमागे साडेपाच हजार आले. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, वीस वर्षांत कधी काही झालं नाही. मी त्यांना पंपरूममध्ये नेलं, स्विच कुठे होता ते दाखवलं आणि जानेवारीचा कागद हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. संध्याकाळी चेक आणून दिला.

एक विनंती, हे वाचून लगेच करता येण्यासारखी. खिडकीला पेटीसारखी ग्रिल असेल तर तिच्यात उघडणारी एक झडप करून घ्या, आणि कुलपाची चावी तिथेच, आतल्या बाजूला, घरातल्या प्रत्येकाचा हात पोचेल अशी टांगा. आमच्याकडे सव्वीस घरांनी केली आहे, बाकीच्यांच्या मी मागे लागले आहे.

जूनमध्ये चौदाव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आधी तांबडं, मग स्वच्छ पाणी आलं. प्लंबरला होज एकट्याला धरवेना, दोघं मदतीला धावले. जुलैचा फॉर्म बी आता भरायचा आहे. एजन्सी बदलली आहे. त्यांना सांगितलंय, रविवारी या, सगळे घरी असतात.