'दवाखाना फुकट आहे, मग अडतंय कुठे?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, मानसिक आजारांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल. पण तुमच्यामुळे माझी एक चूक मला सापडली, तेव्हा आधी ते.

'आपल्याकडे दहातल्या एकाला मानसिक आजार आहे' असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा आकडा औषध कंपन्यांनी फुगवलेला. तसं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने केंद्राच्या आरोग्य खात्यासाठी २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत घरोघर मुलाखती घेतल्या, त्यातला हा आकडा. प्रौढांमध्ये १०.६ टक्के. फक्त त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, आणि मी 'आपल्याकडे' लिहून मोकळी झाले. चूक माझी, वाक्य दुरुस्त केलंय. शिवाय त्या १०.६ मध्ये दारूचं व्यसनही धरलंय. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र आजार शंभरात एकालाही नाहीत. पण त्या थोड्यांतल्याही चारातल्या जवळपास तिघांना उपचार मिळत नव्हते. बाकी, 'दहातला एक वेडा' हे तुमचं वाक्य. माझ्या लेखात 'वेडा' शब्द नाही.

'आमच्या वेळी ही थेरं नव्हती.' ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे, काका. 'ह्याला येरवड्याला नेऊन टाका' ही चेष्टा तुमच्या शाळेतही झालीच असेल. तेव्हा बाहेरचं झालंय म्हणायचे, देवऋषाकडे न्यायचे. घर मोठं असलं तर मागची एक खोली अशा माणसाला कोंडून ठेवण्यातच जायची.

आता तुमचा खरा मुद्दा. सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट, गोळ्या फुकट, तरी लोक जात नाहीत, कारण 'त्यांना जायचंच नसतं'.

माझ्या आत्याला जायचं होतं. तिचं गाव डोंगरात, जिल्ह्याचं ठिकाण साठ किलोमीटर. पहिली एसटी पावणेसातला, ती साडेनऊला स्टँडवर सोडते. मग केसपेपरची रांग. मग मानसोपचाराच्या दाराबाहेरची रांग, आणि साहेब कॅम्पला गेलेत हे कळायला साडेअकरा. आत्याला एकटीला सोडता येत नव्हतं, म्हणून आतेभाऊ बरोबर, त्याची त्या दिवसाची मजुरी गेली. (बायकांना एसटीचं तिकीट आता अर्धं झालंय, मान्य. भावाचं आजही पूर्णच.) डॉक्टर भेटले त्या दिवशी खिडकीवर पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्यातली एक 'बाहेरून घ्या'. पंधरा दिवसांनी परत पावणेसातची एसटी.

तिसऱ्या महिन्यात सुगी आली आणि जाणं राहिलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. दिवाळीपर्यंत आत्या पुन्हा रात्रभर अंगणात फेऱ्या घालायला लागली, आणि गावात जे बोलायचं ते बोललं गेलं, 'गोळ्यांनी काही होत नसतं.'

मग तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा मानसोपचाराचे डॉक्टर यायला लागले. महिनाभराच्या गोळ्या एकदम मिळतात. वडापच्या जीपने वीस मिनिटं. भाऊ तिला सोडून कामावर जातो, येताना ती एकटी येते. गेल्या चार वर्षांत तिची एकही फेरी चुकलेली नाही. इच्छा आधीही एवढीच होती हो, अंतर तेवढं कमी झालं.

फोनवर नुसतं बोलायचं असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास. चांगली सोय आहे, लेखात राहून गेली होती, तीही घातली. पण आत्यासारखीला गोळ्या आणायला कुणीतरी जावंच लागतं.

शेवटी तुम्ही लिहिलंय, 'सत्तर वर्षांत माझ्या ओळखीत असा एकही माणूस नाही.' आत्याच्या शेजारणीला विचारलंत तर तीही हेच सांगेल. आत्या गोळ्यांची पाकिटं चष्म्याच्या डबीत ठेवते, कुणी विचारलं तर 'बीपीची' म्हणते, कारण घरात नातीचं लग्न जमवायचंय. शेजारीण भली बाई आहे. आत्याला जेवायला बोलावलं, की तिच्यापुरती आमटी वेगळ्या पातेलीत काढून त्यात मीठ कमी घालते.