गणपती खंय बसतलो?

यंदाच्या मे महिन्यात देवगडहून गावाकडे वळताना तिठ्यावर नवा फलक दिसला: 'कोकणातली जमीन बाहेरच्यांना विकू नका.' वाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तेच चाललेलं असतं. मी लेस्टरहून आलो होतो तो काकीचं घर विकायच्या कामासाठीच. फलकाचा राग आला नाही. दलालांनी सडे, म्हणजे कातळाची माळरानं, घेऊन चिऱ्यांचे गडगे घातलेत, गुरांच्या वाटा बंद झाल्यात, हे मलाही दिसतं. पण आमचं घर दलालाच्या घशात जायची पाळी आली असती, ती आम्ही कागद वेळेवर न केल्यामुळे.

काकीला मूल नव्हतं. शेवटची दोन वर्षं ती कुडाळला भाचीकडे होती. औषधपाण्यासाठी घर विक, असं तिनेच मला सांगितलं आणि मुखत्यारपत्र करून दिलं. घरपट्टी काकांच्या नावावर, म्हणून सगळे निर्धास्त. पण घरपट्टीने मालकी ठरत नाही, आणि सातबाऱ्यावर अजून आजोबाच होते. वारस नोंदीसाठी तलाठी, मंडळ अधिकारी, परत तलाठी असे फेरे चालू असतानाच गेल्या आषाढात काकी गेली. देणारं माणूस गेलं की मुखत्यारपत्रही संपतं. तरी गावातल्या दोघांनी मला 'जुन्या तारखेची सही कर' असं सुचवलं. मी नाही केली.

काकीने मृत्युपत्र केलं नव्हतं. आता वारस आम्ही अकरा: पुतणे, पुतण्या, भाचे, भाच्या. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुतण्या आणि पुतणी यांत फरक नाही, तरी बहिणींनी हक्कसोड करून मोकळं व्हावं असं बैठकीत गृहीतच धरलं होतं. काकीचं शेवटचं सगळं बहिणींनी केलं. त्यांना मी फुकट सही करू देणार नाही.

लेस्टरमधल्या माझ्या शेजारणीची आई वारली तेव्हा मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून तिचं एकटीचं नाव होतं. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता, मिळाल्यावर घरविक्रीची सही तिची एकटीची आणि पै-पैचा हिशेब दोन्ही भावांना दाखवायची जबाबदारीही तिचीच. वर्षाच्या आत घर विकलं गेलं. आपल्याकडे सह्या सगळ्यांच्या लागतात, हिशेब कुणी लिहीत नाही आणि जो धावपळ करतो त्याच्यावर संशय. मी पहिल्या दिवसापासून वही घातली आहे, मुद्रांकापासून रिक्षाभाड्यापर्यंत. कोणीही उघडून बघावी.

त्या शेजारणीने एका शनिवारी आईचं सामान धर्मादाय दुकानात दिलं आणि किल्ली एजंटाला. देवांचं काय, असं तिला कुणी विचारलं नाही. मला आबांनी विचारलं. आबा म्हणजे भावकीतले सर्वांत मोठे. पडवीत बसून एवढंच म्हणाले, "झिला, घर इकतलंस, मगे गणपती खंय बसतलो?" आम्हा सगळ्यांचा गणपती त्याच माजघरात. त्या पाच दिवसांसाठी मुंबईची सगळी मंडळी गाडीत दाटीवाटीने उभं राहून येतात. त्या रात्री मला झोप नाही.

फलक लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, खाली आणखी एक ओळ लिहा: जिवंतपणी मृत्युपत्र करा, वाटप नोंदवा. दलाल नेमका न वाटलेल्या सातबाऱ्याच्या शोधात असतो. मुंबईतल्या एका नाराज वारसाचा हिस्सा तो स्वस्तात घेतो, मग बाकीच्यांना जेरीस आणतो. तोवर छपराचे नळे परतायला कुणी नसतं आणि वासे वाळवी खाते.

आमच्यापुढे दोन गिऱ्हाइकं आहेत. एक दलाल आणि दुसरा वाडीतलाच, मुंबईहून कायमचा परत आलेला, घरात राहणार म्हणणारा. शेतकरी असल्यामुळे, शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची या 1948 च्या कूळकायद्यातल्या अटीची अडचण त्याला नाही. त्याचा भाव कमी आहे. माझं मत त्याला. तीन भावंडांना ते पटत नव्हतं, आणि एकाच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च मला माहीत आहे. पौंडात पगार घेऊन कमी भावाला हो म्हणणं मला सोपं जातं. म्हणून माझ्या हिश्शातून त्या भावाची तूट भरून द्यायची तयारी मी लिहून दिली आहे.

नऊ सह्या झाल्या. कॅनडातल्या बहिणीचं मुखत्यारपत्र अपोस्टील, म्हणजे तिथल्या सरकारकडून प्रमाणित, होऊन येतंय. इथे पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरायचा आहे. अकरावी सही त्या भावाची. यंदा गणपतीचा पाट आबांच्या घरून मूर्तिशाळेत गेला.