‘गुपचूप भरून टाका’ हा सल्ला ऐकू नका

ऑस्ट्रेलियातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. तो आहे फॅमिली टॅक्स बेनिफिटबद्दल, म्हणजे मुलं वाढवणाऱ्या कुटुंबांना सरकारकडून मिळणाऱ्या मदतीबद्दल; ती देणारी सरकारी यंत्रणा म्हणजे सेंटरलिंक. त्याचा मजकूर थोडक्यात असा: “फॅमिली टॅक्स बेनिफिटचे जास्तीचे पैसे परत करा असं सेंटरलिंकचं पत्र आलं तर वाद घालू नका, गुपचूप भरून टाका. चूक तुमचीच असते, कारण उत्पन्नाचा अंदाज तुम्हीच दिलेला असतो. आकडे थेट टॅक्स ऑफिसातून येतात, ते चुकत नाहीत. अपील केलं की फाइल उघडते आणि सिटिझनशिप अडकते. शिवाय वकिलाचा खर्च त्या रकमेपेक्षा मोठा.”

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण या सल्ल्यापायी लोक न लागणारे पैसे भरतात, आणि बहुतेक घरांत तो फटका मुलांसाठी घरी थांबलेल्या आईला बसतो, कारण ही रक्कम सहसा तिच्याच खात्यात येत असते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“चूक तुमचीच असते.” आधी ही योजना चालते कशी ते पाहा. फॅमिली टॅक्स बेनिफिट १ जुलै २००० पासून सुरू आहे, त्याचे ए आणि बी असे दोन भाग आहेत; बी मुख्यतः एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घरांसाठी. दर पंधरा दिवसांनी मिळणारी रक्कम तुम्ही दिलेल्या वर्षभराच्या अंदाजावर ठरते. ३० जूनला आर्थिक वर्ष संपलं, दोघांचे रिटर्न भरून झाले, की खऱ्या उत्पन्नावरून सगळ्या वर्षाचा हिशेब नव्याने होतो. कमी मिळालं असेल तर फरक देतात, जास्त मिळालं असेल तर मागतात. आता समजा, नवऱ्याला एप्रिलमध्ये जास्त पगाराची नोकरी लागली. जुलैत दिलेला अंदाज तेव्हा अगदी खरा होता. तरी वाढलेल्या वार्षिक उत्पन्नाचा परिणाम जुलैपासूनच्या प्रत्येक हप्त्यावर होतो. यात लबाडी कुणाचीच नाही. कायद्याने ते देणं ठरतं हे खरं, पण देणं लागणं वेगळं आणि गुन्हा करणं वेगळं. पत्र वाचून मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

याच मुद्द्यात एक तरतूद दडलेली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. बाळंतपणानंतर घरी असलेली आई वर्षाच्या मध्येच कामावर परतली, तर तिचा वर्षभराचा पगार धरून भाग बी कमी होतो. पण कामावर रुजू होण्याआधीच्या काळासाठी भाग बी पूर्ण दराने मिळू शकतो. त्यासाठी काही अटी आहेत, आणि ती कामावर कोणत्या तारखेला परतली हे सेंटरलिंकला कळवावं लागतं. टॅक्स ऑफिसला ती तारीख माहीत असतेच असं नाही. ती कळवली नसेल, तर मागणीचा काही भाग मुळातच उभा राहायला नको होता.

“आकडे टॅक्स ऑफिसातून येतात, ते चुकत नाहीत.” खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. टॅक्स ऑफिसातून येतं ते तुमच्या रिटर्नमधलं. सेंटरलिंक मात्र केवळ करपात्र उत्पन्न धरत नाही. त्यात सॅलरी सॅक्रिफाइस करून, म्हणजे कर कापण्याआधी पगारातून वळवून, सुपरमध्ये (निवृत्ती निधीत) टाकलेली रक्कम मिळवली जाते, नोव्हेटेड लीजच्या (मालकामार्फत पगारातून हप्ते जाणाऱ्या) गाडीसारखे नोंदवलेले फ्रिंज बेनिफिट्स, म्हणजे पगाराशिवायचे लाभ, मिळवले जातात, भाड्याने दिलेल्या घरातला तोटा उत्पन्नात पुन्हा जोडला जातो आणि परदेशातलं उत्पन्नही धरलं जातं. तुम्ही स्वतः चाइल्ड सपोर्ट (वेगळ्या राहणाऱ्या मुलाच्या खर्चाचे पैसे) देत असाल तर तेवढी रक्कम वजा होते. पगार ९२,००० डॉलर आणि मेलबर्नजवळच्या टार्नीटमधल्या भाड्याने दिलेल्या घराचा तोटा ११,००० असेल, तर रिटर्नवर ८१,००० दिसतात, पण या योजनेसाठी पुन्हा ९२,००० धरले जातात. आपल्याकडे हा घोटाळा फार होतो, कारण पहिलं घर झालं की दुसरं गुंतवणुकीचं घर घेण्याकडे आपला ओढा असतो. अशा वेळी मागणी बरोबर असू शकते, आणि तसं असेल तर ते मान्य करायला हवं.

पण हीच बेरीज उलट्या बाजूनेही चुकते. सरकारी हॉस्पिटलात काम करणाऱ्या कुणाच्या उत्पन्नाच्या पत्रकावर १७,००० डॉलरचे फ्रिंज बेनिफिट्स दिसत असतील, तर ते पूर्ण धरायचे नसतात. हॉस्पिटलं आणि काही धर्मादाय संस्था यांच्या कर्मचाऱ्यांना करातून जी सूट आहे, तिच्या हिशेबाने त्यातले ५३ टक्केच, म्हणजे ९,०१० डॉलर धरायचे. मालकाने किंवा टॅक्स एजंटने ही रक्कम चुकीच्या रकान्यात टाकली, तर जवळपास आठ हजारांचं नसलेलं उत्पन्न तुमच्या नावावर चढतं. नर्सिंग आणि पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या आपल्या माणसांनी हा रकाना स्वतः उघडून बघावा. चूक निघाली तर आधी रिटर्न दुरुस्त करून घ्यायचं, मग सेंटरलिंकला कळवायचं.

शिवाय हिशेबातल्या कितीतरी गोष्टी टॅक्स ऑफिसातून येतच नाहीत. नवरा-बायको कोणत्या तारखेला वेगळे झाले, मूल कोणाकडे किती रात्री राहतं, मोठ्या मुलाचं शिक्षण पूर्णवेळ चालू आहे का, तुम्ही भारतात किती आठवडे होतात. मुलाच्या देखभालीतला तुमचा वाटा ३५ टक्क्यांहून कमी असेल तर काहीच मिळत नाही. ३५ ते ६५ टक्क्यांच्या मध्ये रक्कम दोन पालकांत वाटली जाते. त्यामुळे आठवड्यातली एक रात्र इकडची तिकडे नोंदली गेली तरी वर्षाचा आकडा बदलू शकतो. परदेशी मुक्कामासाठी साधारण सहा आठवड्यांची मर्यादा आहे, तेव्हा आजीच्या आजारपणात पुण्याला लांबलेला मुक्काम इथे मोजला जाणारच. जाण्या-येण्याच्या तारखा पासपोर्ट आणि तिकिटांवरून ताडून पाहा. एकाच घरात राहूनही विभक्त असणं कायद्याला मान्य आहे. पैशांचे व्यवहार, घरातली कामं, लोकांसमोरचं नातं अशा गोष्टींवरून ते ठरवतात, एका पत्त्यावरून नाही.

आणखी एक प्रकार आहे, आणि ‘गुपचूप भरा’ या सल्ल्याचा सर्वांत मोठा तोटा तिथेच होतो. आर्थिक वर्ष संपल्यावर एका वर्षाच्या आत दोघांनीही रिटर्न भरायचं असतं, किंवा ‘आम्हाला रिटर्न लागू नाही’ असं कळवायचं असतं. ते राहून गेलं तर त्या वर्षी मिळालेली सगळी रक्कम परत मागणारं पत्र येऊ शकतं. आकडा पाहून छातीत धस्स होतं. पण ती मागणी तुम्ही अपात्र होतात म्हणून आलेली नसते, उत्पन्न कळलं नाही म्हणून आलेली असते. राहिलेलं रिटर्न भरा. हिशेब नव्याने होतो आणि देणं कमी होतं किंवा उरतच नाही. उशिरामुळे वर्षअखेरची पुरवणी रक्कम हातची जाऊ शकते, तेवढं नुकसान सोसावं लागेल. पण हक्काच्या वर्षभराच्या पैशांवर पाणी सोडण्यापेक्षा ते कितीतरी कमी.

म्हणून पत्र आलं की पहिलं काम एकच: हिशेब मागा. कोणाचं किती उत्पन्न धरलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणता दर लावला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. फोनवर नीट उत्तर मिळालं नाही तर १९८२ च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली स्वतःची कागदपत्रं मागता येतात, त्याला फी नाही. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दुभाषा मागा, तोही फुकट मिळतो.

“अपील केलं की सिटिझनशिप अडकते.” ही भीती सगळ्यांत जास्त माणसांना गप्प बसवते आणि तिला आधार नाही. निर्णयाची फेरतपासणी मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तो वापरला म्हणून नागरिकत्वाच्या अर्जात तुमच्या विरोधात काही जात नाही. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन पैसे घेतले आणि त्यासाठी शिक्षा झाली, तर ती अडचण ठरेल; अंदाज चुकण्याचा त्याच्याशी संबंध नाही. व्हिसाच्या बाबतीत मात्र एक नियम लक्षात ठेवा. कायम वास्तव्याच्या अनेक व्हिसांसाठी अर्जदाराकडे ऑस्ट्रेलियन सरकारचं थकलेलं देणं नसावं, किंवा ते फेडायची व्यवस्था तरी झालेली असावी, अशी अट आहे. म्हणजे धोका दुर्लक्ष करण्यात आहे. तात्पुरत्या पार्टनर व्हिसावर असलेल्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नये. हप्ते बांधून घ्यावेत आणि सोबत फेरतपासणीही मागावी. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

“वकिलाचा खर्च मोठा.” वकील लागतच नाही. पहिल्या पायरीवर खात्यातलाच, पण आधीच्या निर्णयाशी संबंध नसलेला अधिकारी प्रकरण नव्याने बघतो. त्याचं पटलं नाही तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल, म्हणजे सरकारी निर्णय तपासणारं खात्याबाहेरचं न्यायाधिकरण. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या न्यायाधिकरणाच्या जागी हे आलं आहे. तिथेही सेंटरलिंकच्या प्रकरणांना फी नाही. पहिल्या सुनावणीत समोर खात्याचा वकील सहसा नसतो, तुम्ही आणि ऐकून घेणारा सदस्य एवढेच. मदत हवी असेल तर सिडनी, मेलबर्नसह बऱ्याच ठिकाणी मोफत कायदा केंद्रं हीच प्रकरणं हाताळतात.

देणं बरोबर निघालं तरी प्रश्न तिथे संपत नाही. कौटुंबिक साहाय्याच्या (हा बेनिफिट त्यातच येतो) प्रशासकीय कायद्यातलं ९७ वं कलम वाचा. जास्तीची रक्कम केवळ सरकारी चुकीमुळे आली असेल आणि तुम्ही ती सद्भावनेने घेतली असेल, तर तेवढा भाग माफ होऊ शकतो. मात्र जोडीला आणखी एक गोष्ट लागते: परतफेडीने घरावर गंभीर आर्थिक संकट येईल असं दाखवावं लागतं, किंवा सरकारने ती मागणी फार उशिरा काढलेली असावी लागते. १०१ व्या कलमात ‘विशेष परिस्थिती’ आहे. गंभीर आजार, घरातला हिंसाचार, जोडीदाराने पैशांवर ठेवलेला ताबा अशा गोष्टी तिथे मांडता येतात. नुसती पैशांची ओढाताण पुरत नाही. माफी सहज मिळते असं मी म्हणणार नाही. पण अर्जात हे शब्द लिहिलेच नाहीत तर त्या अंगाने विचार होईलच याचा भरवसा नाही. छळ सोसून बाहेर पडलेल्या बाईने तर ही माफी मागायलाच हवी, कारण अनेकदा तिच्या खात्यात आलेले पैसे तिने पाहिलेलेही नसतात.

याच गटांवर उलट टोकाचं बोलणंही ऐकू येतं: “रोबोडेट बेकायदा ठरलं ना, मग कुठलंच देणं भरू नका.” तेही चुकीचं. रोबोडेट ही सेंटरलिंकची संगणकाने देणी काढायची योजना होती; तीत बेरोजगारी भत्ता वगैरे घेणाऱ्यांचं वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सरासरीने विभागून मागण्या काढल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये फेडरल कोर्टात तशी मागणी बेकायदा ठरली आणि जुलै २०२३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालाने त्या कारभाराचे वाभाडे काढले. फॅमिली टॅक्स बेनिफिट मुळातच वार्षिक उत्पन्नावर चालतं, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येत नाही. आणि न भरता भारतात निघून जायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. हप्त्यांची व्यवस्था न करणाऱ्या देणेकऱ्याला देश सोडण्यापासून रोखायचा अधिकार सरकारकडे आहे. वसुलीवरची सहा वर्षांची जुनी मुदतमर्यादाही आता राहिलेली नाही.

राहिली मुदत. कौटुंबिक साहाय्याच्या निर्णयावर फेरतपासणी मागायला निर्णय कळल्यापासून ५२ आठवडे मिळतात. ट्रायब्युनलकडे जायची मुदत त्याहून आखूड असते, तेव्हा फेरतपासणीच्या निकालाचं पत्र हाती आलं की लगेच हालचाल करा. तो संदेश वाचून ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनीही पत्रावरची तारीख बघावी. भरणा केल्याने फेरतपासणीचा हक्क जात नाही, आणि हिशेब चुकलेला निघाला तर भरलेली रक्कम परत मिळते.