तूप, चीज आणि वीस तारीख

नमस्कार सर,

(सही फक्त 'एक निवृत्त संस्कृत शिक्षक' अशी केलीत, म्हणून सर म्हणतो.) एपिक्युरस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी पुन्हा वाचली आणि मग लिहायला बसलो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. एक, हा ग्रीक माणूस म्हणजे 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' म्हणणारा आपला चार्वाकच, आणि मी त्याला धुऊनपुसून संत करून बसवलंय. दोन, भिंतीआड बागेत (तिथेच त्याची शाळा भरे) मित्रांबरोबर गप्पा मारत बसणं ही शुद्ध पळवाट. आणि तीन, 'मरणाशी आपला काही संबंध नाही' हे लिहायला सोपं. तुमच्या पत्नी गेल्या त्या आठवड्यात कुणी हे ऐकवलं असतं तर तुम्ही त्याला दाराबाहेर काढलं असतं.

तुपापासून सुरुवात करतो. हा श्लोक आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः १४व्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तून. माधवाचार्य वेदान्ती, म्हणजे समोरच्या पक्षाचे वकील. तुम्हाला हे माझ्यापेक्षा नीट ठाऊक असणार, पण त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला हा श्लोक येतो तेव्हा त्यात तूप नाही की कर्ज नाही: 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः'. जगायचं तोवर सुखानं जगावं, मृत्यूच्या तावडीतून कुणी सुटत नाही. प्रकरण संपता संपता मात्र त्याच जागी ऋण काढून सण आलेला असतो. चार्वाकांचे मूळ सूत्रग्रंथ आज हाती नाहीत. त्यामुळे हे तूप घरचं की नंतर कुणी वरून वाढलेलं, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे, आणि मला ती पटते.

एपिक्युरसच्या ताटातही असंच बरंच वाढलं गेलं. त्याचा जिवलग मित्र मेट्रोडोरस. या मेट्रोडोरसचा सख्खा भाऊ टिमोक्रेटिस संप्रदाय सोडून गेला आणि सांगत सुटला, की गुरुजी इतकं खातात की दिवसातून दोनदा ओकतात. डायोटिमस नावाच्या स्टोइकाने, म्हणजे प्रतिस्पर्धी पंथातल्या माणसाने, तर एपिक्युरसच्या नावावर ५० अश्लील पत्रं खपवली. फरक एवढाच, की एपिक्युरसचं नशीब थोरलं. त्याच्यानंतर पाचेकशे वर्षांनी डायोजेनिस लेर्शियसने (पिंपात राहणारा तत्त्वज्ञ डायोजेनिस नव्हे, हा तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा) या सगळ्या कंड्या आधी नोंदवल्या, हे लोक वेडे आहेत असा शेरा मारला आणि एपिक्युरसची तीन पत्रं आणि ४० मुख्य वचनं जशीच्या तशी उतरवून ठेवली. चार्वाकांना असा कुणी भेटला नाही.

त्यातलं मेनोसियस या शिष्याला लिहिलेलं पत्र वाचा. सुख म्हणजे दारूच्या मैफली आणि माशांची ताटं नव्हेत, तर देहाला वेदना नसणं आणि मनाला घोर नसणं, असं तो स्वच्छ सांगतो. इच्छांच्या त्याने तीन वाटण्या केल्या. तहानेला पाणी, ही नैसर्गिक आणि गरजेची. तेच पाणी माठातलं, वाळा घातलेलं हवं, ही नैसर्गिक पण गरजेची नाही. आणि चौकात आपला पुतळा उभा राहावा, ही दोन्ही नाही. (उदाहरणातला माठ माझा, पुतळा जुन्या ग्रीक टीपेतला. आपल्याकडे तो वेगळा समजवावा लागत नाही.)

पण 'संत' या शब्दाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तो शब्द माझा आणि तो चुकलाच. पाव-पाण्यावर भागवणाऱ्या या माणसाने मित्राला लिहिलं होतं, की चीजचं एक छोटं मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. मी ही गोष्ट वैराग्याचा पुरावा म्हणून सांगितली होती. तुम्ही विचारलंत, 'विरक्ताला मेजवानी कशाला?' अगदी बरोबर. मेजवानी त्याला हवीच होती. तिच्यासाठी कुणाचं मिंधं व्हायला लागू नये, एवढंच.

पळवाटीबद्दल मी अर्धाच तुमच्या बाजूने आहे. एपिक्युरस इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला, अथेन्सहून तिथे वसलेल्या घरात. अलेक्झांडर मेल्यावर मॅसेडोनियन सत्तेने या वसाहतवाल्यांना बेटावरून हाकललं, आणि विशीच्या सुमारास त्याचं घरदार उठलं. पुढे अथेन्समध्ये त्याने बाग घेतली तेव्हा शहराच्या खऱ्या चाव्याही मॅसेडोनियन सरदारांच्याच कमरेला होत्या. अशा माणसाने सभेत जाऊन भाषणं केली नाहीत, याचा दोष मला देववत नाही. शिवाय त्या बागेत बायका आणि गुलामही बसत. मीस नावाच्या गुलामाला त्याने मृत्युपत्रात मुक्त केलं. मात्र बाग ८० मिना (तेव्हाचं ग्रीक चलन) मोजून घेतलेली होती आणि खर्चाला शिष्यांची वर्गणी येत होती. सगळेच बागेत बसले तर वेशीवर पहारा कोण देणार, या तुमच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त हे 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' आहे, असं म्हणू नका. एपिक्युरसचे देव दूर कुठेतरी मजेत असतात, ते कुणाला कसंही ठेवत नाहीत.

आता तिसरं.

'आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो.' लेखात मी हे वाक्य अशा थाटात लिहिलं, जणू विषय संपला. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर लक्षात आलं, की हा युक्तिवाद फक्त मरणाऱ्यासाठी आहे. मागे राहिलेला माणूस तर असतोच, आणि ते मरणही त्याच्यासमोर असतं. भीतीवरचं औषध मी शोकावर लावलं. चूक माझी, एपिक्युरसची नव्हे. कारण त्याचा कट्टर टीकाकार, नंतरचा ग्रीक लेखक प्लुटार्क तक्रारीच्या सुरात सांगतो, की मित्र गेल्यावर रडू नये हे या लोकांना मान्यच नाही. ज्याला दुःखच होत नाही त्याच्या मुळाशी दुःखाहून वाईट काहीतरी आहे, असं ते म्हणतात. हेजेसियानॅक्स नावाचा माणूस गेल्यावर एपिक्युरसने त्याच्या वडिलांना आणि भावाला पत्रं लिहिली होती, तीही प्लुटार्कच्या वाचनात आली होती. हे लेखात यायला हवं होतं.

तो मेट्रोडोरस एपिक्युरसच्या सात वर्षं आधी गेला. एपिक्युरसने मृत्युपत्रात लिहून ठेवलं, की दर महिन्याच्या वीस तारखेला सगळ्यांनी जमावं, माझी आणि मेट्रोडोरसची आठवण काढावी. ती रीत इतकी टिकली की लोक या मंडळींना 'विशीवाले' म्हणून चिडवत. इ.स.पू. २७० मध्ये मूतखड्याने एपिक्युरस गेला. शेवटच्या दिवशी इडोमेनियस या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, वेदना याहून जास्त असू शकत नाहीत, पण आपल्या जुन्या गप्पा आठवतोय आणि त्या आनंदाने त्यांची भरपाई होतेय. मग एकच मागणं: मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष ठेव.

लेखातला मरणावरचा भाग मी या आठवड्यात नव्याने लिहितोय. तुमची हरकत नसेल तर तुमच्या प्रतिक्रियेतलं ते 'दाराबाहेर काढलं असतं' हे वाक्य, नाव-गाव न देता, तिथे घेऊ का?